जग्वार लँड रोव्हर

जग्वार लँड रोव्हर ही आलिशान मोटारगाड्या बनविणारी ब्रिटिश कंपनी आहे. तिचे मुख्यालय इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीजवळ व्हिटली येथे असून इ.स. २००८ पासून तिची मालकी मुंबईस्थित टाटा समूहाकडे आहे. महाराष्ट्रात पुणे येथे कंपनीच्या गाड्यांची जुळणी होते.

स्थापना व सुरुवातीचा काळ

विल्यम लायन्स व विल्यम वॉल्मस्ली यांनी इ.स. १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे 'स्वॅलो साइडकार' ही कंपनी सुरू केली. ती मोटारसायकलींच्या साइडकार बनवीत असे. पुढे ती मोटारनिर्मितीकडे वळली व इ.स. १९२८ मध्ये कॉव्हेंट्रीला स्थलांतरित झाली. 'जग्वार' हे नाव इ.स. १९३५ मध्ये प्रथम एका गाडीला देण्यात आले. 'एसएस' या अक्षरांना नाझी संघटनेमुळे कलंक लागल्याने इ.स. १९४५ मध्ये कंपनीनेच ते नाव स्वीकारले. एक्सके १२० (१९४८) व ई-टाइप (१९६१) या तिच्या गाजलेल्या गाड्या होत.

लँड रोव्हर ही रोव्हर कंपनीची निर्मिती असून ती इ.स. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅम येथील प्रदर्शनात सादर झाली. रेंज रोव्हर इ.स. १९७० मध्ये बाजारात आली.

मालकीतील बदल

दोन्ही नाममुद्रा इ.स. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या उद्योगसमूहात एकत्र आल्या. इ.स. १९७५ मध्ये या समूहाचे राष्ट्रीयीकरण झाले. इ.स. १९८४ मध्ये जग्वार पुन्हा स्वतंत्र झाली. मात्र काही वर्षांतच ती अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने विकत घेतली. फोर्डने इ.स. २००० मध्ये बीएमडब्ल्यूकडून लँड रोव्हरही घेतली.

टाटांची खरेदी

मार्च २००८ मध्ये टाटा मोटर्सने दोन्ही नाममुद्रा २.३ अब्ज डॉलरांना विकत घेण्याचा करार केला. हा व्यवहार २ जून २००८ रोजी पूर्ण झाला. फोर्डने या दोन्हींसाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही ही किंमत कमी होती. तथापि त्याच वर्षी जागतिक मंदी आल्याने आलिशान गाड्यांची मागणी घसरली, खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा भार वाढला आणि टाटा मोटर्सला २००८-०९ या आर्थिक वर्षात सुमारे २,५०० कोटी रुपयांचा एकत्रित तोटा झाला. त्यामुळे या खरेदीवर टीकाही झाली. नंतर विक्री सावरली व हीच कंपनी टाटा मोटर्सच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत बनली.

पुणे येथील जुळणी

इ.स. २०११ मध्ये पुणे येथे फ्रीलँडर २ या गाडीची जुळणी सुरू झाली. तिचे सुटे भाग इंग्लंडमधून येत. इ.स. २०२४ मध्ये रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट यांचीही जुळणी येथे करण्याचे जाहीर झाले. तोपर्यंत या गाड्या केवळ इंग्लंडमधील सॉलिहल येथे तयार होत असत.