रस्ता सोडा, वर्गात या

तुम्ही पुण्यात आहात आणि साल आहे १८५५. पेशवाई बुडून ३७ वर्षंच झाली आहेत; तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून ओट्यावर बसलेली दिसतात. आगगाडी इथे पोहोचायला तीन वर्षं आहेत. मुंबई विद्यापीठ निघायला दोन, आणि त्याचं दार बायकांसाठी उघडायला तब्बल २८.

तुमच्यापुढे एक बाई झपझप चालल्या आहेत. वय २४. त्यांना तुम्ही ओळखता. दर ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, तुम्ही शिकवता त्या शाळेत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि एखादी मुलगी पाठ केलेलं भाषण म्हणते: शाळेच्या रस्त्यावर अंगावर फेकलेलं शेण, चिखल, दगड, आणि पिशवीतलं दुसरं लुगडं. टाळ्या पडतात, मुलं वर्गात परततात. सावित्रीबाई फुल्यांनी सोसलं ते खरंच, ते सांगायलाही हवं. पण आपण वर्षानुवर्षं मुलांना या रस्त्यावरच उभं करून ठेवलं आहे. बाई शाळेत पोहोचल्यावर शिकवत काय होत्या, हे कोणी सांगतच नाही. म्हणून आज थांबू नका. त्यांच्या मागोमाग आत या.

फुले दांपत्याच्या शाळेत मुली वाचन आणि व्याकरण शिकतात, हिशेब करतात, इतिहास ऐकतात, नकाशा बघतात. शिकवणाऱ्या बाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह गेल्याच वर्षी छापून आला आहे. बाई पुस्तक लिहू शकते, हे या मुलींना वेगळं सांगावं लागत नाही.

आता त्या एका मुलीकडे पाहा. मुक्ता साळवे, मातंग म्हणजेच मांग समाजातली. ती लिहिते आहे. बोरू शाईत बुडतो, कागदावर टेकतो, थांबतो. तुम्ही तिच्या खांद्यावरून वाचू लागता. तुमच्या वर्गातला निबंध असता तर एव्हाना ‘माझी आई’ किंवा ‘पावसाळ्यातला एक दिवस’ सुरू झाला असता. मुक्ता लिहिते आहे मांग-महारांच्या दुःखाविषयी.

तुम्ही वाचता आणि ताठ उभे राहता. वेद फक्त ब्राह्मणांचेच असतील, तर ते आमचे धर्मग्रंथ कसे, असं ती विचारते. मग आमचा धर्म कोणता, ते तरी देवाने कळवावं. बाजीराव पेशव्याच्या राज्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, हेही ती लिहून ठेवते. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या हयातीतला काळ आहे हा, आणि त्यांच्याच गावात बसून ही शाळकरी पोर तो कागदावर उतरवते आहे.

मग ती बायकांकडे वळते. आपल्या जातीतल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, हे ती लिहिते आणि वाचणाऱ्यांना म्हणते, स्वतःच्या अनुभवावरून विचार करा. या ओळींपाशी जरा जास्त वेळ थांबा. स्त्री-पुरुष समानता शिकवताना आपण ‘स्त्री’ असं एकच नाव घेतो, जणू सगळ्या बायका एकाच घरात राहतात. मुक्ताला हे १८५५ सालीच ठाऊक होतं, की बाईपणाचं दुःख आणि जातीचं दुःख एकाच अंगावर पडतं.

आणि पुढे ती आपल्याच माणसांना हाक मारते: शिका.

हे लिखाण वहीत पडून राहत नाही. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात ते दोन भागांत छापलं जातं, १५ फेब्रुवारीला आणि १ मार्चला. ही शाळेची खरी कमाई. सावित्रीबाईंचं थोरपण मुलांना दाखवायचं असेल, तर त्यांच्या शाळेतली मुलगी काय विचारू लागली ते दाखवा. शेणाचा गोळा ऐकून मुलाला दया येते. मुक्ताचं पान वाचून त्याला उत्तर शोधावं लागतं, आणि मला तरी दुसरंच जास्त मोलाचं वाटतं.

तर परत या, तुमच्या वर्गात. सातवी किंवा आठवी, मुलगे आणि मुली दोघंही समोर. या वर्षी भाषण पाठ करून घेऊ नका. मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचा, अर्धा मुलींकडून, अर्धा मुलग्यांकडून. भाषा जुनी आहे, अडेल तिथे थांबून समजावा. गुलटेकडीचा उल्लेख आला की मुलं गप्प होतील. घाईने पुढे जाऊ नका, त्यांना विचारू द्या.

मग कोरे कागद वाटा आणि घरचा अभ्यास द्या, मुलग्यांनाही तोच. घरातल्या आईला, नाहीतर आजीला विचारून लिहून आणायचं: तिची बाळंतपणं कुठे झाली, तेव्हा जवळ कोण होतं आणि कितव्या दिवशी ती पुन्हा कामाला लागली.