कामाचा ताण: श्वास मोजण्याआधी तास मोजा

ऑफिसात ताण येतोय? खोल श्वास घ्या, पहाटे उठा, सकारात्मक विचार करा. नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना हल्ली हा उपदेश सगळीकडून मिळतो. कंपन्या त्यासाठी व्याख्याते बोलावतात आणि व्याख्यान संपले की त्याच माणसांना रात्री दहापर्यंत थांबवतात. श्वासाला आमचा विरोध नाही. आनापानसती ही तर बुद्धाची शिकवण आहे. आमचा आक्षेप इतकाच आहे, की ताणाचे कारण कामगाराच्या मनात शोधले जाते, कामाच्या जागी शोधले जात नाही. मुंबईच्या कामगारांचा इतिहास मात्र नेमके उलटे सांगतो.

१८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार, अपघातात जखमी झाल्यास भरपाई. आज ज्याला ‘वर्क स्ट्रेस’ म्हणतात त्याचीच ही यादी आहे. त्या कामगारांना मानसशास्त्राचे शब्द ठाऊक नव्हते, पण दुखणे कुठे आहे ते अचूक ठाऊक होते. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार इंग्रजांनी फुकट दिला, असे समजणाऱ्यांनी या सहा वर्षांच्या लढ्याकडे पाहावे.

पण कामाचा ताण फक्त तासांचा नसतो. आपल्या समाजाच्या वाट्याला त्यात जातीची भर पडते. गिरणीत जास्त मजुरी विणकाम खात्यात मिळे. तिथे धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याची थुंकी सुताला लागेल, म्हणून त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. एकाच गिरणीतले, एकाच मालकाचे पिळलेले हे कामगार, तरी एकाने दुसऱ्याची वाट अडवलेली! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तो यासाठीच.

उच्च शिक्षणाने तरी ही भर कमी होते का? १९१७ साली कोलंबिया विद्यापीठ आणि लंडनमधले शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्यात नोकरीला आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अखेर नोकरी सोडून ते मुंबईला परतले. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. या माणसाला कोणी ‘ताण कसा हाताळावा’ हे शिकवायला हवे होते काय? की फायली फेकणाऱ्यांना काही शिकवायला हवे होते?

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अस्पृश्यांना रेल्वेत गँगमनचे काम मिळे, बढतीची दारे मात्र बंद असत. त्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्या मते आपल्या तरुणांच्या कामाच्या ताणाचे याहून नेमके निदान दुसरे नाही. एक शत्रू वेळ खातो, दुसरा मान खातो. फक्त एकाशी लढून दुसरा हटत नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या साथीने मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध हा लढा होता.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि रस्त्यावरची मागणी कायद्यात उतरू लागली. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षाच्या सेवेनंतर १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा ५४ तासांची होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला आठ तास. ताण कमी करण्याचा याहून मोठा कार्यक्रम या देशात कोणत्या व्याख्यात्याने राबवला आहे?

इथे आपल्यातले काही मित्र विचारतील, की बाबासाहेब स्वतः अठरा तास अभ्यास करत, आपण त्यांच्या जयंतीला अठरा तास वाचन करतो, मग कामाच्या तासांची तक्रार कशाला? मित्रहो, हा घोटाळा दूर केला पाहिजे. बाबासाहेबांचे वाचन त्यांनी स्वतः निवडलेले होते, समाजाच्या मुक्तीसाठी होते. मालकाच्या नफ्यासाठी मारलेले तास म्हणजे अभ्यास नव्हे. आणि ज्या माणसाने स्वतःला एवढे झिजवले, त्यानेच कामगाराच्या तासांना कायद्याची मर्यादा घातली. त्या झिजण्याची किंमतही त्यांच्या शरीराने मोजली, शेवटची वर्षे ते मधुमेहाने त्रस्त होते. ‘कोट्यातून आलास’ हा टोमणा खोटा ठरवायला दुप्पट राबणारे आपले तरुण नकळत त्या टोमण्याचीच चाकरी करतात.

आज घड्याळाचे काटे मागे फिरवले जात आहेत. कोणी उद्योगपती आठवड्याला ७० तास मागतो, कोणी ९०. ब्रिटिश सरकारच्या १९२२ च्या कायद्यातही मर्यादा ६० तासांची होती! म्हणजे ही मागणी आपल्याला शंभर वर्षांहून मागे नेणारी आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, असे सांगितले जाते. पण बारा तास उभे राहिलेल्या बाईला घरी गेल्यावर पुन्हा चूल आहे, हे त्या हिशेबात कुठे धरले आहे? आणि जे गटारात उतरतात, त्यांचा ताण तर या चर्चेत कोणी मोजतच नाही.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही, जरूर जा. पण ताण आला म्हणून स्वतःला कमजोर समजू नका. आपण रोज किती तास काम करतो, त्यातले किती तास बिनपगारी जातात, याची वहीत नोंद ठेवा. आडनाव विचारून वागणूक बदलणाऱ्याची तारीखवार नोंद ठेवा, तक्रार लेखी करा, पोच घ्या. एकट्याने झुरू नका. युनियनमध्ये, कर्मचारी संघटनेत जा, नसेल तर उभी करा. लोखंड्यांकडे साडेपाच हजार सह्या होत्या, त्यातली पहिली कोणी एकट्यानेच केली असेल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा संदेश कामाच्या जागेलाही लागू आहे. कामाच्या ताणावर बाबासाहेबांनी दिलेला उपाय हाच आहे.

जय भीम!