काठ जोडणारा

काठ म्हटला की आपल्याला साडीची शोभा आठवते. सामूहिक गोधडीत मात्र काठाचे काम वेगळे असते, हे अमेरिकेतील एड्स स्मृती-गोधडीचा इतिहास वाचताना मला प्रकर्षाने जाणवले. १९८७ साली क्लीव्ह जोन्स आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ती सुरू केली. प्रत्येक मृतासाठी ३ बाय ६ फुटांचा एक तुकडा, साधारण थडग्याएवढा. तो आप्तांनी, मित्रांनी, जोडीदारांनी आपापल्या घरी शिवायचा. कार्यशाळेत आठ तुकडे जोडून १२ फुटांचा चौकोन होई. त्याला कॅनव्हासचा काठ शिवत आणि चौकोन एकमेकांना बांधता यावेत म्हणून काठाला धातूच्या कड्या बसवत. त्यामुळे आईने शिवलेला मुलगा अनोळखी माणसाच्या प्रियकराशेजारी येई.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० तुकडे पसरले गेले. मृतांची नावे मोठ्याने वाचली गेली. ज्या आजाराचे नावही अनेक घरांत उच्चारले जात नव्हते, त्याचे बळी सरकारच्या दारात मांडले गेले.

काठावर कोणाचेच नाव नाही. पण माझ्या मते, घरोघरच्या शोकाचे सार्वजनिक जाब विचारण्यात रूपांतर झाले ते याच शिवणीवर.