पॅरोल: दिलेला शब्द की रजा?

'पॅरोल' हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ 'दिलेला शब्द'. पळून जाणार नाही, एवढ्या वचनावर युद्धकैद्याला मोकळे सोडत. महाराष्ट्राच्या तुरुंगांतील 'अभिवचन रजा' या नावात ते वचन अजून टिकून आहे. फर्लोला मात्र 'संचित रजा' म्हणतात.

तमिळनाडूच्या १९८२ च्या नियमांत वचन नाही. शीर्षकातच शिक्षेचे निलंबन, आणि आत साधी व तातडीची रजा. राजीव गांधी हत्याप्रकरणातील नलिनी यांनी मुलीच्या लग्नासाठी सहा महिने मागितले. जुलै २०१९ मध्ये चेन्नईतील मद्रास उच्च न्यायालयाने ३० दिवस दिले. वृत्तपत्रांनी त्याला 'पॅरोल' म्हटले, नियमांच्या भाषेत ती रजाच. बाहेर असलेली व्यक्तीही कायद्याने 'बंदी'च राहते. मुदतीत परतली नाही, तर 'फरार'.