जूनचा एक दिवस

परवा ड्रायर चालू असताना त्याच्या दाराशी टिश्यू पेपरचा तुकडा धरला. तो चिमटीतून सुटला आणि फटीला जाऊन चिकटला. निदान झालं. गेले दोन महिने टॉवेल एका फेरीत वाळत नव्हते. लिंटची जाळी साफ, मागची नळी साफ, तरी टॉवेल दमट. दाराच्या कडेची फेल्टची पट्टी खालच्या बाजूला झिजून कागदासारखी झाली होती. आमच्या ड्रायरचा पंखा हवा ओढून घेतो. ती तापलेल्या तारांवरून यायला हवी, पण दाराला फट असली की तळघरातली गार हवा आयतीच आत शिरते. यंत्र फिरत राहतं, वीज जळत राहते, कपडे मात्र ओले ते ओलेच.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने यंत्राचं वय विचारलं. "वीस वर्षं," म्हटल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर पेटीत परत ठेवला. "आता नवीनच घ्या."

मी मिलवॉकीत राहते. नेमक्या याच शहरात हे वाक्य ऐकायला मिळावं यात एक गंमत आहे, पण त्यासाठी जरा मागे जायला हवं.

कपडे विस्तवावर वाळवणं हे काही यंत्रयुगाचं अपत्य नव्हे. आमच्या कोकणातल्या घरी पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाची दुपटी पसरत. धुराचा वास घेऊन मोठी झालेली माझी अख्खी पिढी आहे. फ्रान्समध्ये १८०० सालाच्या सुमारास पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोकं पाडलेलं पिंप विस्तवावर हाताने फिरवायची युक्ती केली. कपडे वाळत, पण त्यांना धूर लागे, कधी ते करपतही. ७ जून १८९२ रोजी ओहायोतल्या डेटनच्या जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला कपडे वाळवण्याच्या चौकटीचं पेटंट मिळालं. चुलीच्या उबेत कपडे टांगायचे आणि काम झालं की चौकट काढून ठेवायची. ७ जून म्हणजे आपल्याकडे मृग. दोरीवरचे कपडे धावत जाऊन काढायचा दिवस. सॅम्पसनला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्याची चौकट पाहून माझ्या आजीने मान डोलावली असती.

पुढचं पाऊल टाकलं नॉर्थ डकोटाच्या जे. रॉस मूर यांनी. तिथल्या हिवाळ्यात बाहेर टांगलेलं धोतर असो की विजार, फळीसारखी ताठ होते. आधी त्यांनी शेकोटीची खोपटी बांधली, मग फिरत्या पिंपाचं यंत्र केलं. ते बाजारात आणलं विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने. ही कंपनी १८८० मध्ये सुरू झाली ती छपाईचे लाकडी खिळे बनवायला. तिच्या जुन्या खिळ्यांचं संग्रहालय आजही त्या गावात आहे. पोस्टरांची अक्षरं कापणाऱ्या कंपनीने १९३८ मध्ये ड्रायर विकायला काढला आणि त्याला नाव दिलं 'जून डे'. जूनचा दिवस! विस्कॉन्सिनमध्ये जून म्हणजे कोवळं ऊन आणि मंद वारा. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. कोकणात या नावाने एकही ड्रायर खपला नसता.

या यंत्राला रूप दिलं मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी. आधीचा नमुना म्हणजे नुसती पत्र्याची पेटी. असं सांगतात, की त्यांनी दाराला काचेची खिडकी बसवायला लावली आणि दुकानात आत भडक रंगाच्या चड्ड्या गरगर फिरत ठेवायला सांगितलं. लोकांनी थांबून बघितलं पाहिजे. हेच स्टीव्हन्स १९५४ पासून एका शब्दप्रयोगासाठी ओळखले जाऊ लागले. त्याला मराठीत 'नियोजित कालबाह्यता' म्हणतात. गिऱ्हाइकाला गरज पडण्याच्या थोडं आधीच, थोडं नवं आणि थोडं बरं काही घ्यावंसं वाटलं पाहिजे, असा त्याचा आशय.

दुरुस्तीवाल्याचं वाक्य मला ओळखीचं वाटलं ते यामुळे. पण स्टीव्हन्स यांच्यावर अन्याय नको. मुद्दाम लवकर मोडणारी वस्तू बनवा, असं ते म्हणत नव्हते. माझी पट्टी कुणाच्या कारस्थानाने झिजली नव्हती, वीस वर्षं दार उघडून-मिटून झिजली होती. त्यांनी पेरला तो मोह. पट्टी झिजली आणि माझ्या मनात नव्या यंत्राचा रंग आला, तो खरा त्यांचा.

मी पट्टी मागवली. फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीच्या तंतूंना बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकून बसतात. घोंगडी मागावर विणतात, बुरणूस असा दाबून करतात. प्लग काढला, जुनी पट्टी सोलली, वाळलेला गोंद अल्कोहोलने पुसला. उष्णता सोसणाऱ्या गोंदाची बारीक रेघ ओढून नवी पट्टी न ताणता बसवली, कारण ताणली तर ती पुढे आकसून जोडाशी फट पडते. वर कागदी टेप लावून एक दिवस तसंच ठेवलं. लगे हाथ आतलं लिंटही काढलं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजाने २००८ ते २०१० दरम्यान घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि सर्वांत मोठं कारण सफाई न करणं हे होतं. जुनं यंत्र ठेवायचं तर त्याची ही राखण आलीच.

ते ठेवायचं कारण मात्र दुरुस्तीवाल्याला सांगितलं नव्हतं. मुलीच्या जन्माच्या वेळी, जानेवारीत, आई इथे आली होती. ड्रायर नुकताच आणला होता, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पहिल्या रात्री तिने कपड्यांची प्लास्टिकची टोपली उचलली, जमिनीतून गरम हवा येते त्या जाळीवर उपडी घातली आणि दुपटी पसरली. आठवडाभराने ती ड्रायर लावू लागली. काचेसमोर स्टूल घेऊन बसायची. कपडे फिरताना पाहणारी ती एकटीच, दुकानाबाहेर. आता ती नाही.

दुसऱ्या दिवशी टॉवेल लावले. कागदाचा तुकडा दाराशी धरला. तो चिमटीतच राहिला. एका फेरीत टॉवेल बाहेर आले. यंत्राचा दिवा काय सांगतो ते मी पाहिलं नाही. आई दुपटी तपासायची तसा एक टॉवेल गालाला लावून पाहिला. वाळला होता.