इंटरनेट साथी
ग्रामीण भारतातील स्त्रियांना इंटरनेटचा वापर शिकविणारा उपक्रम. गूगल व टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ मध्ये तो सुरू केला. प्रारंभीच्या राज्यांत गुजरात, राजस्थान व झारखंड होती, पुढे तो महाराष्ट्रातही आला. गावातलीच एखादी स्त्री प्रशिक्षण घेऊन ‘साथी’ होई आणि स्मार्टफोन, टॅब्लेट घेऊन सायकलवरून आसपासच्या गावांत शिकवायला जाई. शिकविणारी ओळखीची बाई असल्याने घरच्यांची कुरकुर कमी होई, हेच या रचनेचे खरे बळ. बोलून शोध घेता येत असल्याने लिहिता-वाचता न येणाऱ्याही शिकू शकत. अर्थात, घरातला एकमेव फोन पुरुषाच्या खिशात असेल, तर शिकलेले वापरायचे कधी, ही अडचण उरेच. काही साथींनी पुढे स्वतःचे छोटे व्यवसायही उभारले.