देहदंडाची अट

फाशीच्या बाजूने मुख्यतः तीन कारणे दिली जातात: गुन्हेगारांना बसणारी जरब, समाजाची सुरक्षितता आणि केलेल्या कृत्याचे न्याय्य प्रतिफळ. पहिल्या दोहोंचा विचार थोडक्यात आटोपतो. तिसऱ्यापाशी मात्र थांबावे लागते, कारण फाशीची मागणी करणारा माणूस बहुधा त्याच भावनेतून बोलत असतो.

जरब बसते याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये आधीच्या तीन दशकांतले अभ्यास तपासले. फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी काहीही त्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाचा धाक अधिक असतो, हे इटालियन विचारवंत बेक्कारियाने 1764 मध्येच मांडले होते. सुरक्षिततेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या स्वामी श्रद्धानंद निकालाने जवळपास सोडवला. कैद्याला मरेपर्यंत, सुटकेची सवलत न देता तुरुंगात ठेवण्याची वाट त्या निकालाने मोकळी केली आणि 2015 मध्ये घटनापीठाने ती बहुमताने मान्य केली.

उरते प्रतिफळ. ज्याने कोवळ्या मुलांना हालहाल करून मारले त्याचा जगण्याचा हक्क संपला, असे वाटणे रानटीपणाचे नाही. कांटसारख्या तत्त्वज्ञानेही खुन्याला मृत्युदंडच योग्य मानला. असे म्हणणाऱ्यांना सूडखोर ठरवून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. पण या युक्तिवादाला एक अट चिकटलेली आहे. फाशी तिला पात्र असलेल्यालाच व्हावी आणि सारख्या अपराधाला सारखीच शिक्षा मिळावी. ही अट पाळता आली नाही, तर प्रतिफळाचे तत्त्वच फाशीच्या विरोधात साक्ष देऊ लागते.

बच्चन सिंग खटल्यात 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनात्मक ठरवली आणि ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणांपुरती राखली. एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात होते. जगणे-मरणे कोणत्या न्यायाधीशांपुढे प्रकरण येते यावर अवलंबून राहील, ही त्यांची भीती होती. हरबन्स सिंग प्रकरणात ती डोळ्यांसमोर आली. एकाच हत्याकांडात सारखाच वाटा असलेल्या तिघांना फाशीची शिक्षा झाली होती. वेगवेगळ्या खंडपीठांपुढे त्यांची प्रकरणे गेली. एकाची शिक्षा जन्मठेपेवर आली, दुसऱ्याला 1981 मध्ये फाशी दिली गेली आणि तिसरा, हे दोन्ही निकाल न्यायालयापुढे आल्यामुळे, वाचला.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणे याहून अस्वस्थ करतात. 2003 मधल्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या खटल्यात भटक्या समाजातील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार महिलेने सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. दुसरे प्रकरण 1994 च्या पुण्यातील हत्याकांडाचे. फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता, हे 2023 मध्ये मान्य झाले. तोवर त्याने 28 वर्षे तुरुंगात काढली होती.

चुका दुरुस्त झाल्या, म्हणजे व्यवस्था काम करते, असे यावर उत्तर मिळते. ते तपासून पाहू. देशात सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत शंभरात पाचही टिकत नाहीत आणि सुमारे तीस टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटतात. इतकी गाळणी लागते, याचा अर्थ पहिली निवड फारच सदोष आहे. शिवाय दुरुस्ती झाली ती माणसे जिवंत होती म्हणून. राजस्थानातील रावजी याला 1996 मध्ये फाशी दिली. त्याच्या निकालात केवळ गुन्हा पाहिला, गुन्हेगाराची परिस्थिती पाहिली नाही आणि म्हणून तो निकाल बच्चन सिंगच्या विरोधात जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये महाराष्ट्रातील बरियार प्रकरणात नोंदवले. तेव्हा रावजीला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

विधी आयोगाने 2015 मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. हा अपवाद राजकीयदृष्ट्या समजण्यासारखा आहे, पण मला पटत नाही. लोकक्षोभ जिथे सर्वांत तीव्र, तिथेच तपासावर ‘आरोपी हजर करा’ हा दबावही सर्वांत मोठा. अक्षरधाम मंदिरावरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यातील सहाही आरोपी 2014 मध्ये निर्दोष सुटले आणि त्यांत तिघांना फाशीची शिक्षा झालेली होती.

फाशी सरसकट रद्द करण्याची कल्पना नवी नाही. संविधान सभेत 3 जून 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी फाशीविरुद्धच्या अपिलाच्या तरतुदींवर बोलताना, त्यापेक्षा फाशीच रद्द करणे आपल्याला अधिक मान्य होईल, असे सांगितले होते.

राहिला पीडितांच्या कुटुंबांचा प्रश्न आणि तो टाळता येत नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींना 1996 मध्ये अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फाशी कायम केली, दयेचा अर्ज 2014 मध्ये फेटाळला गेला आणि सरकारच्या दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने 2022 मध्ये जन्मठेप दिली. मरेपर्यंत तुरुंगवासाची वाट तेव्हाच मोकळी असती आणि तीच शिक्षा झाली असती, तर मुले गमावलेल्या त्या आई-बापांचा खटला 2006 मध्येच संपला असता.